तक्ता बरोबर आहे, रकाने चुकलेत

पत्र

आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगी दीड वर्षाची आहे. नोकरीला लागलो तेव्हा आमचे पगार सारखेच होते. आज माझा पगार 100 धरला तर बायकोचा 70 भरतो. आमच्याकडे नवरा-बायकोच्या उत्पन्नावर एकत्र कर लागतो. तिच्या 70 मधून कराचे 16, पाळणाघराचे 34 आणि जाण्यायेण्याचे नि इतर 8 वजा केले की हातात 12 उरतात. या 12 साठी तिची रोजची धावपळ, मुलीची आजारपणं, आमची चिडचिड. तिने काही वर्षं नोकरी सोडावी, असं मला वाटतं. तसा तक्ता करून मी तिच्यापुढे ठेवला. तिने तो शांतपणे वाचला, ‘पुन्हा मोज’ एवढंच म्हणाली आणि त्यानंतर तीन आठवडे हा विषय निघालेला नाही. मी जुन्या विचारांचा माणूस नाही. हा स्त्री-पुरुष समानतेचा प्रश्नच नाही, साधा हिशेब आहे. तीनदा मोजलं. चूक असेल तर दाखवा.

— एक हिशेबी नवरा

उत्तर

प्रिय हिशेबी,

वजाबाकीत चूक नाही. मीही करून पाहिली, 12च येतात. शिवाय असा तक्ता मला नवा नाही. मी पंचवीस वर्षं एका कचेरीत पगारपत्रकं केली. राजीनामा द्यायला आलेल्या किती जणींनी टेबलापलीकडे बसून हाच तक्ता मला तोंडी सांगितला असेल, त्याची गणती नाही. आकडे थोडे इकडे-तिकडे, शेवटी उरणारी रक्कम मात्र अशीच, चिमूटभर. राजीनामा द्यायला बाप आलाय, असं एकदाही झालं नाही. सगळ्यांचीच गणितं एकाच बाजूला कलत असतील तर आपण तराजूकडे बघतो ना? तसं बघू या.

सुरुवात त्या 34 पासून करू. पाळणाघराचे पैसे तुम्ही तिच्या पगारातून का वजा केलेत? मुलगी दोघांची आहे. तुम्ही कामावर जाता तेव्हाही ती पाळणाघरातच असते. हे 34 पगारांच्या प्रमाणात वाटले तर तुमच्या वाट्याला 20 येतात आणि तिच्या वाट्याला 14. मग तिचे 12 न राहता 32 होतात. घरात येणारा एकूण पैसा तेवढाच राहतो, हे मलाही कळतं, तुम्ही ते म्हणणारच. पण ‘या 12 साठी ही धावपळ’ हे वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य आहे. ते आकड्यांतून आलेलं नाही, मांडणीतून आलंय. तिची नोकरी ही जास्तीची आणि तुमची ही मूळची, असं गृहीत धरल्यावरच ते वाक्य तयार होतं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, वाटून घेतले, तरी 34 जातातच. जातात. पण ते 34 का आहेत? कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने 1997 मध्ये पाळणाघराचं शुल्क दिवसाला 5 डॉलर ठरवलं आणि वरचा भार सरकारने उचलला. लहान मुलांच्या आयांचं नोकरीतलं प्रमाण तिथे चांगलंच वाढलं. तिथल्या तुमच्यासारख्या नवऱ्याने तक्ता मांडला असता तर शेवटचा आकडा वेगळा आला असता. त्यासाठी नवरा जास्त पुरोगामी असायची गरज पडली नसती. (सगळं गोड झालं असंही नाही. जागा भराभर वाढवल्या, दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, आणि काही अभ्यासकांना मुलांच्या वागणुकीवर वाईट परिणामही दिसले. स्वस्त पाळणाघर आणि चांगलं पाळणाघर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

कराच्या 16 चीही अशीच गंमत आहे. उत्पन्न एकत्र धरलं की तुमचा पगार खालचे, कमी दराचे टप्पे आधीच भरून टाकतो. मग तिची कमाई सुरू होते ती वरच्या टप्प्यापासून. तिने मिळवलेल्या पहिल्या पैशावर तुम्ही मिळवलेल्या शेवटच्या पैशाचा दर लागतो. निदान तुम्ही तरी तसंच मांडलंय: आधी तुमचं, मग ‘वरचं’ तिचं. क्रम उलटा धरून बघा. तिचे 70 आधी आणि तुमचे 100 नंतर, मग कराचा जड भाग तुमच्यावर पडेल. कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही की नवऱ्याचा पगार आधी मोजा. पण ज्याचा पगार कमी तो ‘दुसरा’, असं घराघरांत आपोआप धरलं जातं आणि कराची रचना त्याला हळूच ढोसते. पश्चिम जर्मनीने 1958 मध्ये आणलेली अशी एकत्रित पद्धत जर्मनीत आजही चालू आहे. स्वीडनने 1971 मध्ये उलट केलं, प्रत्येकाच्या कमाईवर स्वतंत्र कर लावला. त्या कायद्याच्या मजकुरात समानतेची घोषणाबाजी नव्हती, निव्वळ कराचे दर होते. पण त्याच काळात पाळणाघरं वाढत गेली आणि बाहेर काम करणाऱ्या विवाहित बायकांची संख्याही.

म्हणजे तुमच्या तक्त्यातले दोन मोठे आकडे, 16 आणि 34, कुणीतरी कुठल्यातरी सभागृहात हात वर करून ठरवलेले आहेत. तुम्ही त्यांना पावसासारखं धरलंत, आलेलं घ्यायचं. म्हणून ‘हा समानतेचा प्रश्नच नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. समानतेचा प्रश्न तुमच्या आधीच कुणीतरी सोडवून ठेवलाय, एका विशिष्ट बाजूने. तुम्ही फक्त उत्तर उतरवून घेतलंत.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आणि पुढच्याच ओळीत विसरलात. नोकरीला लागताना पगार सारखे होते. मग मधले 30 गेले कुठे? पत्रात काही नाही, पण अंदाज बांधते. ती बाळंतपणाच्या रजेवर होती तेव्हा एखादी बढतीची फेरी झाली असेल. तुम्ही कधी उशिरापर्यंत थांबलात, कधी ऐनवेळी बाहेरगावी गेलात, कारण घरी ती होती. क्लॉडिया गोल्डिन या अर्थतज्ज्ञ बाईंना 2023 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते बायकांच्या कामाचा आणि कमाईचा दोनशे वर्षांचा माग काढल्याबद्दल. त्या म्हणतात, काही नोकऱ्या हावऱ्या असतात. वेळीअवेळी हाक मारली तरी जो धावतो, त्याला त्या तासांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त देतात. एका घरातून असा माणूस एकच निघू शकतो, कारण दुसऱ्या कुणीतरी ताप आलेल्या मुलाला घ्यायला जायचं असतं. तुमचे 100 हे तुमच्या एकट्याचे 100 नाहीत. त्यातले काही तिच्या 70 मधून आलेत.

इथून मी तुमच्या तक्त्यातल्या खऱ्या चुकीकडे येते. तुम्ही एकच वर्ष मोजलंत. पाळणाघराचे 34 तीन-चार वर्षांत संपतील. नोकरी सोडल्याचा खर्च तेव्हा सुरू होईल. डेन्मार्कमध्ये अर्थतज्ज्ञांनी आईबापांच्या कमाईचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या मुलानंतर आईची कमाई घसरते आणि दीर्घकाळात सुमारे 20 टक्क्यांनी खालीच राहते. बापाच्या रेषेवर सुरकुतीसुद्धा पडत नाही. आणि हा डेन्मार्क आहे, जिथे पाळणाघरं भरपूर नि रजाही चांगली. तुमच्याकडे तेवढी सोय असेल असं तुमच्या 34 वरून तरी वाटत नाही. म्हणून आजच्या 12 च्या शेजारी एक रकाना वाढवा: पाच वर्षांनी परत येताना तिला कुठल्या पायरीवर घेतील, तोवर चुकलेल्या वेतनवाढी, आणि निवृत्तिवेतन. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात. वर्षं गेली की वर्गणी जाते, आणि त्याची झळ लागते पासष्टीनंतर, जेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो. पश्चिम जर्मनीने 1986 पासून मूल वाढवण्याच्या काळाची नोंद निवृत्तिवेतनात धरायला सुरुवात केली. तुमच्या देशात असं काही आहे का, हे तिला राजीनामा सुचवण्याआधी तुम्ही बघितलंत का?

तुमच्या स्वतःच्या रजेबद्दल पत्रात एक अक्षर नाही. बापाला रजा मिळते का? मिळत असेल तर किती शिल्लक आहे? स्वीडनने 1974 मध्येच आईबाप दोघांना रजा वाटून घ्यायची मुभा दिली होती. बापांनी काय केलं? बहुतेकांनी आपला वाटा उदार मनाने आयांना देऊन टाकला. मग 1995 मध्ये एक महिना असा ठेवला की बापाने घेतला तर घेतला, नाहीतर बुडाला. नॉर्वेने त्याच्या दोन वर्षं आधी, 1993 मध्ये, चार आठवडे तसेच राखले होते. आधी तिथे रजा घेणारा बाप शोधावा लागायचा, काही वर्षांतच न घेणारा शोधावा लागला. माणसं एकाएकी बदलली नाहीत. ‘मला घ्यावीच लागतेय, नाहीतर फुकट जाईल’ असं साहेबाला सांगता येऊ लागलं, एवढंच. पुरुषांना चांगलं वागायला एक सबब लागते, हे माझं जुनं मत आहे. नवऱ्याला ते आवडत नाही.

रजेवरून आठवलं. मालक तरुण बायकांना घ्यायला का कचरतात, ते मी जवळून पाहिलंय. आमच्या कचेरीत एका मुलाखतीनंतर साहेब म्हणाले, ‘हुशार आहे, पण नुकतं लग्न झालंय.’ मी बाजूला वेतनाचे तक्ते घेऊन बसले होते, त्यांना माझं अस्तित्व जाणवलं नसावं. साहेब दुष्ट नव्हते. रजेचा पगार त्यांच्या विभागाच्या खर्चात पडायचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1919 च्या, म्हणजे अगदी पहिल्याच वर्षीच्या, मातृत्व करारात म्हटलं होतं की हा पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावा. 2000 सालच्या करारात तर मालकावर एकट्यावर हा भार टाकू नये असं तत्त्वच घातलं. तरीही कित्येक ठिकाणी कायदा रजा देतो आणि बिल मालकाच्या हातात ठेवतो. दिसायला बाईच्या बाजूचा कायदा, आणि त्यानेच तिचा अर्ज खालच्या गठ्ठ्यात जातो. नियम कुणासाठी केला यापेक्षा त्याचं बिल कुणी भरायचं, हे मी आधी वाचते.

आता दुसरी बाजू, कारण हा रस्ता एकमार्गी नाही. धोरण घरातली गणितं ठरवतं, तसं घराबाहेर कोण पडलंय यावरून धोरणही ठरतं. अमेरिकेत 1920 मध्ये देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला आणि पुढच्याच वर्षी आया आणि तान्ह्या बाळांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला. नवी मतदार आपल्याला पाडेल की काय, या धास्तीने कित्येकांनी हात वर केला. राज्याराज्यांत हा हक्क वेगवेगळ्या वर्षी मिळाला होता, त्याचा फायदा घेऊन पुढे एका अर्थतज्ज्ञाने मोजलं: मताच्या हक्कानंतर बालमृत्यू 8 ते 15 टक्क्यांनी घटले. भारतात सरपंचपदं बायकांसाठी राखीव झाल्यावर बंगाल आणि राजस्थानातल्या गावांचा अभ्यास झाला. बाई सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला आढळला. पाणी कोण भरतं, हे तिला कुणी समजावून द्यायला नको होतं.

कधी समानता भलत्याच दारातून येते. युरोपातल्या सहा देशांनी सामायिक बाजारासाठी केलेल्या 1957 च्या रोमच्या करारात समान कामाला समान वेतन हे कलम आलं, ते मुख्यतः फ्रान्सच्या आग्रहामुळे. फ्रान्समध्ये तसा नियम आधीच होता, आणि शेजारचे देश बायकांना कमी मजुरी देऊन स्वस्त कापड बाजारात आणतील, ही त्यांच्या गिरणीवाल्यांची भीती होती. पुढे बेल्जियमची एक हवाईसुंदरी, गॅब्रिएल डेफ्रेन, त्याच कलमाच्या आधारावर न्यायालयात गेली आणि 1976 मध्ये जिंकली. गिरणीवाल्यांच्या काळजीतून आलेलं कलम तिला कामी आलं.

उलटही घडतं, तेही सांगून टाकते. समानता आली की अर्थव्यवस्था आपोआप फुलते, असं सभांतून ऐकवतात. मला ते पूर्ण पटत नाही. पूर्व आशियातल्या काही देशांनी निर्यातीची गाडी ओढली ती बायकांच्या कमी मजुरीवर, आणि गाडी जोरात चालली. विषमता काहींना फायद्याची असते, म्हणून तर ती टिकते. तेव्हा समानता हवी ती वाढीच्या टक्क्यांसाठी नको. टक्के बदलले तर कारणच जाईल.

तुमच्या तक्त्यात ज्याचा रकानाच नाही, ते तर राहिलंच. तिने नोकरी सोडली की पाळणाघराचे 34 ‘वाचतील’, असं तुम्ही धरलंय. काम वाचत नाही, फक्त बिल यायचं थांबतं. देशांचे हिशेबही असेच लिहिले जातात. 1953 मध्ये राष्ट्रीय उत्पन्न मोजायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली, तिने घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, सांभाळ, शुश्रूषा हिशेबाबाहेर ठेवली. पिगू नावाचे अर्थतज्ज्ञ त्याच्याही कितीतरी आधी म्हणून गेले होते की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 मध्ये मांडलेला हिशेब असा: जगात रोज 16.4 अब्ज तास विनामोबदला सांभाळाचं काम होतं, म्हणजे 200 कोटी माणसांनी आठ-आठ तास फुकट राबावं एवढं, आणि त्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा बायकांचा. एखादं सरकार खर्चकपात म्हणून रुग्णालयातून रोग्याला दोन दिवस आधी घरी पाठवतं, तेव्हा ते दोन दिवसही कुणीतरी उशाशी बसून काढतंच. अर्थसंकल्पात ती बचत दिसते.

आइसलँडच्या बायकांनी 24 ऑक्टोबर 1975 ला हे न बोलता दाखवलं. जवळजवळ 90 टक्के बायकांनी त्या दिवशी नोकरीही केली नाही आणि घरकामही. बाप मुलांना घेऊन कचेऱ्यांत आले. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला. एक दिवस पुरला. तुमच्या घरात असा एक दिवस कसा जाईल, त्याची कल्पना करून बघा.

मग काय करायचं? तिने नोकरी सोडूच नये, असं मी म्हणत नाही. तो निर्णय तिचा आहे, आणि मुलीजवळ राहावंसं तिला मनापासून वाटत असेल तर ती काही इतिहासाशी गद्दारी नाही. मीही चार वर्षं घरी होते, त्यातली दोन फार सुखाची होती. पण तसं ठरलं तर काही गोष्टी आधी कागदावर आणा. तिच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी घरखर्चातून चालू राहील, तिच्या नावाने. बचत आणि घर दोघांच्या नावावर. दर महिन्याला तिच्या खात्यात रक्कम जाईल, मागावी न लागता. हा बारकावा नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची सवलत बापाच्या करातून काढून आईच्या हातात रोख द्यायला लागले. घरात पैसा जवळपास तेवढाच होता, फक्त पाकीट बदललं. अभ्यासकांनी खर्चाच्या नोंदी पाहिल्या, तर बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला. ‘आपलं सगळं एकच आहे’ असं म्हणणाऱ्या घरांतही पैसा कुणाच्या हातात येतो याने फरक पडतो. परत जायची तारीखही लिहा, आणि त्या दिवसापासून कोणती कामं तुमची, तेही.

आणि तिला सोडायची नसेल, जे मला तिच्या ‘पुन्हा मोज’ वरून वाटतं, तर तुमच्या तासांचा प्रश्न उघडा. दोघांनीही पाचाऐवजी चार दिवस मागून बघा. तुमच्या कचेरीत पुरुषाने असं मागितलं तर भुवया उंचावतील. उंचावू द्या. तिच्या कचेरीत त्या गेली दीड वर्षं उंचावलेल्याच आहेत. शिवाय तुम्ही मागितलंत तर उद्या तिथल्या साहेबाला नवीन माणूस घेताना फक्त बाईकडेच संशयाने बघता येणार नाही. आज मालक जो अंदाज बांधतो की बायका सोडून जातात, तो तुमच्यामाझ्यासारख्यांच्या घरातल्या तक्त्यांवरूनच बांधतो.

तक्ता पुन्हा मांडा, पण एकट्याने मांडून तिच्यापुढे ठेवू नका. तीनदा मोजलंत असं लिहिलंयत. तिन्ही वेळा ती खोलीत नव्हती, असं मला वाटतं. कोरा कागद घ्या, रकान्यांची नावं तिला घालू द्या. रात्री मुलगी झोपल्यावर नको, तेव्हा दोघांनाही आकडे धड दिसत नाहीत. सुट्टीच्या सकाळी दोन तास काढा. त्या दोन तासांत मुलीला कोण बघणार, ही व्यवस्था तुम्ही करा. तिला विचारू नका.